आधी काटा, मग साक्ष: कापूस मोजणाऱ्या एका विश्वासणाऱ्याचं प्रकरण

हे प्रकरण धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा-दोंडाईचा पट्ट्यातलं आहे. गावाचं नाव आणि माणसांची नावं मी देत नाही. ज्याच्याबद्दल लिहितोय त्याने स्वतः हे वाचून ‘लिहा’ म्हटलंय, पण त्याला त्याच गावात राहायचं आहे. त्याला मी इथे मापाडी म्हणतो, कारण तेच त्याचं काम होतं आणि सगळं प्रकरण त्या कामाभोवतीच फिरतं.

मी आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडील (मंडळी सांभाळणाऱ्यांपैकी एक) म्हणून सेवा करतो. रविवारी उपासनेनंतर नव्या विश्वासणाऱ्यांचा वर्ग माझ्याकडे असतो. मापाडी त्या वर्गात दोन वर्षं होता. या प्रकरणात जे चुकलं त्यातला मोठा वाटा त्या वर्गाचा, म्हणजे माझा आहे.

2022 च्या उन्हाळ्यात तापीच्या पात्रात त्याचा बाप्तिस्मा झाला. दारू सुटली होती, घरात मारहाण बंद झाली होती, बायको आणि दोन लेकरं उपासनेला येऊ लागली होती. भजनात ढोलकी तोच धरायचा. असा माणूस मंडळीत आला की सगळ्यांना हुरूप येतो, तसा आम्हालाही आला. मी त्याला सुवार्तेच्या, म्हणजे येशूच्या संदेशाच्या, पत्रिकांचा गठ्ठा दिला आणि दर रविवारी एकच प्रश्न विचारू लागलो: या आठवड्यात किती जणांना सांगितलं? तो आकडा सांगायचा. कधी पाच, कधी बारा. मी वहीत लिहून घ्यायचो.

पहिल्याच श्रावणात त्याने घरात मोठं भांडण ओढवून घेतलं. खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते. कानबाईच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांतच खातात, म्हणून त्या दिवशी मुंबई-सुरतेला गेलेले भाऊही घरी परततात. मापाडी पूजेला बसला नाही, हे ठीकच होतं, त्याची श्रद्धा बदलली होती. पण त्याने थोरल्या भावाच्या ओट्यावर उभं राहून मूर्तिपूजेवर भाषण केलं. आई रडली. भावाने बोलणं टाकलं. रविवारी त्याने हे वर्गात सांगितलं तेव्हा आम्ही त्याला ‘धैर्य दाखवलंस’ म्हणालो. आज मला वाटतं, त्या दिवशी त्याने आईचं पाणी भरलं असतं, पाहुण्यांची भांडी घासली असती आणि कोणी विचारलं तर हलक्या आवाजात ‘मी बसत नाही’ एवढंच म्हटलं असतं, तर ती जास्त खरी साक्ष झाली असती.

हा भाग इथेच सोडतो, कारण मूळ दुखणं कापसात होतं.

ज्यांना खेडा खरेदी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कापूस वेचून घरात आला की शेतकऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक, गाडी भरून जिनिंगला (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात) किंवा सीसीआयच्या, म्हणजे सरकारच्या भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर नेणं. तिथे सातबारा, नोंदणी आणि ओलाव्याची तपासणी असते. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत कपात, त्याहून ओला असेल तर घेत नाहीत. पैसे खात्यावर यायला वेळ लागतो. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता, पण तो मिळवायला ही सगळी पायपीट. दुसरी वाट म्हणजे गावात गाडी आणि काटा घेऊन येणारा व्यापारी. भाव थोडा कमी, कट्टी म्हणून थोडं वजन कापून घेणार, पण पैसे रोख आणि हातोहात. दिवाळी तोंडावर असते, औषधवाल्याची उधारी असते, मजुरांचे पैसे द्यायचे असतात. लहान शेतकरी दुसरी वाट धरतो.

मापाडी अशाच एका व्यापाऱ्याकडे कामाला होता. काट्यावर गाठोडं ठेवायचं, आकडा मोठ्याने वाचायचा, चिठ्ठी लिहायची. काटा इलेक्ट्रॉनिक होता. वैधमापन कायदा 2009 चा आहे, असा काटा दरवर्षी तपासून त्यावर मुद्रा घ्यावी लागते आणि या काट्यावर मुद्रा होती. पण मुद्रा सांगते ती तपासणीच्या दिवसाची गोष्ट. त्यानंतर व्यापाऱ्याने तो बाहेरच्या माणसाकडून ‘बसवून’ घेतला होता. 40 किलोचं गाठोडं ठेवलं की आकडा साडेअडतीस दिसायचा. हे गुपित सांभाळण्याबद्दल मापाड्याला मजुरीशिवाय क्विंटलमागे 20 रुपये वेगळे मिळायचे.

दीड किलो ऐकायला किती लहान वाटतं. ज्याच्या शेतातून 20 क्विंटल निघाले त्याचे 75 किलो गेले. 7,000 रुपयांच्या भावाने सव्वापाच हजार रुपये. 75 किलो कापूस वेचायला एका बाईला दोन-अडीच दिवस कंबर वाकवून सऱ्या तुडवाव्या लागतात.

हे सगळं तो विश्वासात येण्याआधीपासून चालू होतं, आल्यावरही दोन हंगाम चालू राहिलं. दिवसा तो काट्यावर साडेअडतीस वाचायचा आणि संध्याकाळी त्याच लोकांच्या हातात पत्रिका द्यायचा. त्याला ते टोचत नव्हतं का, असं मी नंतर विचारलं. तो म्हणाला, टोचायचं, पण वर्गात दारू, तंबाखू, शिव्या, मूर्तिपूजा यांवर बोलणं व्हायचं, कामावर कधीच नाही. त्यामुळे त्याची समजूत झाली की काट्याचं पाप मालकाच्या खात्यावर पडतं, त्याच्या नाही.

पारावरचं एक वाक्य

2024 च्या दिवाळीनंतरची संध्याकाळ. पारावर चार-सहा जण बसले होते. मापाड्याने नेहमीप्रमाणे पत्रिका पुढे केली. सत्तरीच्या घरातल्या एका आप्पांनी ती घेतली, घडी केली, परत त्याच्या खिशात ठेवली आणि अहिराणीत म्हणाले, “पह्यले तुना काटा नीट कर, मंग तुना देवनी गोट सांग.”

कोणी हसलं नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. गावाला काटा कळतो, फक्त गरज असते म्हणून माणूस गप्प बसतो.

आपल्याकडे माळकऱ्याला गाव कसं जोखतं ते आठवा. गळ्यात तुळशीची माळ असेल आणि माणूस मुक्ताईनगरच्या वारीला जात असेल, तर त्याने मापात मारू नये, खोटं बोलू नये, ही अपेक्षा गाव न बोलता धरतं. चुकला तर ‘माळ घातली नि असं करतो’ म्हणतं. ख्रिस्ती माणसालाही गाव त्याच मापाने मोजतं, आणि त्यात काही चूक नाही. शास्त्रही वेगळं सांगत नाही. बायबलमधल्या लेवीय 19 मध्ये खरा तराजू आणि खरी वजनं ही पवित्र जीवनाच्या आज्ञांमध्येच बसवलेली आहेत. नीतिसूत्रे 11 ची सुरुवातच खोट्या तराजूने होते. ही वचनं मी शेकडो वेळा वाचली होती आणि कापसाच्या गावात राहून एकदाही वर्गात उघडली नव्हती.

तो घरी गेला आणि जेवला नाही. बायकोला सांगितलं. त्याची बायको दुसऱ्यांच्या शेतात किलोवर कापूस वेचते. बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी तिची नखांजवळची कातडी चिरलेली असते, हंगामभर ती बोटांना तेल लावून झोपते. संध्याकाळी शेतात मुकादम लटकत्या काट्यावर एकेकीचं गाठोडं मोजतो, तेव्हा अर्ध्या किलोसाठी बायका हुज्जत घालतात. ती एवढंच म्हणाली, “मी अर्ध्या किलोसाठी रोज भांडते. तुम्ही दीड-दीड किलो बसल्या जागी नेता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा होता. हातात चिठ्ठ्यांची वही होती.

हिशेब

वहीत दोन हंगामांची 46 नावं होती. चिठ्ठ्यांवरचं वजन मिळून 900 क्विंटल. दर साडेअडतीसमागे दीड किलो धरलं तर सुमारे 35 क्विंटल कापूस शेतकऱ्यांच्या हातून गेला होता, अडीच लाखांच्या आसपास. मापाड्याच्या हाती त्यातले 18,000 आले होते. बाकी मालकाकडे.

त्याच्या डोक्यात जक्कय होता. लूक 19 मधला जकातदार, जो म्हणतो की कुणाचं काही अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. चौपट म्हणजे 72,000. एवढे पैसे त्याने आयुष्यात एकत्र पाहिले नव्हते. वडील मंडळात यावर दोन रात्री चर्चा झाली, आणि त्या चर्चेत मी जेवढं शिकलो तेवढं वर्ग घेऊन शिकलो नव्हतो.

एका वडिलांचं म्हणणं, येशूने जक्कयाला चौपट द्यायला सांगितलं नव्हतं, तो आपणहून बोलला. ते बरोबर आहे. मग नियम काय? लेवीय 6 आणि गणना 5 मध्ये फसवून घेतलेल्या वस्तूबद्दल स्पष्ट सांगितलंय: चूक कबूल करायची, पूर्ण परत द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. द्यायचं कुणाला, तर ज्याचं गेलं त्याला. यावर आम्ही थांबलो. 18,000 आणि त्यावर 3,600. एकूण 21,600. चिठ्ठीवरच्या क्विंटलमागे 24 रुपये. मालकाचा वाटा त्याने फेडावा असं कोणी म्हटलं नाही, पण प्रत्येकाला ‘तुमचं खरं किती गेलं’ तो आकडा सांगायचा, हेही ठरलं.

दुसरा सूर असा होता की हंगाम संपेपर्यंत गप्प राहावं, नाहीतर ‘ख्रिस्ती लोक चोर’ असं नाव होईल. मला ही भीती समजते. आम्ही गावात मूठभर घरं आहोत. तरी मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो, नाव आधीच झालेलं होतं. पारावर कोणी हसलं नाही तेव्हाच ते कळलं होतं.

मत्तय 18 प्रमाणे आधी मालकाशी एकांतात बोलायचं ठरलं. तो एकटाच गेला. काटा दुरुस्त होईपर्यंत आपण काट्यावर बसणार नाही आणि आपला वाटा परत देणार, असं त्याने सांगितलं. मालकाने ऐकून घेतलं, दुपारी हिशेब केला आणि त्याला काढून टाकलं. ऐन हंगामात, मार्गशीर्षात.

पैसे देताना श्रद्धेबद्दल एक शब्दही नाही

या प्रकरणातला सर्वांत नाजूक भाग इथे आहे आणि इतर मंडळ्यांना कदाचित हाच उपयोगी पडेल.

काढून टाकल्यावर चारच दिवसांत गावात कुजबुज सुरू झाली की चर्च या माणसाच्या हातून घरोघरी पैसे वाटणार आणि लोकांना बाटवणार. ही कुजबुज कुठून निघाली ते सांगण्यात अर्थ नाही. पण विचार करा: एक ख्रिस्ती माणूस हिंदू शेतकऱ्यांच्या दारी पाकीट घेऊन जातोय. बाहेरून पाहणाऱ्याला ते आमिषच दिसेल. राज्यघटनेचं कलम 25 प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क देतं. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस प्रकरणात सांगितलं की प्रचार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा तो हक्क नाही. कायद्याचं भय बाजूला ठेवलं तरी आमच्या विश्वासाच्या दृष्टीनेही ते योग्यच आहे. पैशाने हललेलं मन ख्रिस्ताकडे वळलेलं नसतं.

म्हणून आम्ही काही गोष्टी पक्क्या केल्या. पैसे त्याचे स्वतःचेच असतील, मंडळीच्या दानपेटीतला एक रुपयाही त्यात जाणार नाही. त्याने दोन शेळ्या विकल्या, बायकोने वेचणीच्या पैशातून भर घातली, उरलेले हमाली करून जमवले, त्याला चार महिने लागले. पावतीवर ‘मागील दोन हंगामांतील वजनातल्या फरकापोटी’ एवढंच लिहिलेलं असेल. सोबत गावातला एक प्रतिष्ठित माणूस असेल, जो आमच्या मंडळीतला नाही. आणि त्या भेटीत पत्रिका नाही, प्रार्थना नाही, येशूचं नावही नाही.

ही शेवटची अट त्याला फार जड गेली. ‘ज्याच्यामुळे देतोय त्याचं नाव घ्यायचं नाही?’ असं तो विचारत राहिला. मी त्याला 1 पेत्र 3:15 वाचून दाखवलं. तिथे विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं आहे, आणि तेही सौम्यतेने. तर आधी कोणी विचारू दे.

दरम्यान घर चालायला हवं होतं. मंडळीने ते वेगळं सांभाळलं: दादर ज्वारी, तूरडाळ, तेल, लेकराची फी. दोन्ही व्यवहार एकमेकांत मिसळू दिले नाहीत. सुरुवातीचा महिना मात्र आम्ही याबाबतीतही ढिले पडलो. सगळे ‘प्रार्थनेत आठवण ठेवतो’ म्हणत राहिले आणि त्याच्या घरी तीन दिवस नुसती कळण्याची भाकरी आणि ठेचा होता, हे मला त्याच्या मुलीकडून कळलं. ज्याला आपण खरं वागायला सांगतो, त्याच्या चुलीची काळजी त्याच दिवशी घ्यायला हवी, महिन्याने नाही.

46 घरं आणि एक प्रश्न

46 घरांत 46 तऱ्हा झाल्या. बहुतेकांनी पैसे मोजून घेतले, सही केली, बस. दोघांनी घेतले नाहीत, ‘तू गरीब, तुझ्याकडून काय घ्यायचं’ म्हणाले. त्यांना त्याने हात जोडून घ्यायला लावले, कारण ते दान नव्हतं. एका बाईचा नवरा मधल्या काळात वारला होता. तिने 312 रुपये हातात घेतले आणि बराच वेळ काही बोलली नाही. एकाने दारातच शिव्या दिल्या आणि पैसे ठेवून घेतले. ‘माझे साडेतीन हजार गेले, तू तीनशे घेऊन आलास’ असं तो ओरडत होता, आणि त्याचं खरं होतं. मापाडी मान खाली घालून उभा राहिला. सोबतच्या गृहस्थांनी मला नंतर सांगितलं की त्याने एकदाही ‘मालकाने करायला लावलं’ असं म्हटलं नाही.

मालकाने काटा बदलला. त्याबद्दल कोणी उघड बोललं नाही.

पावसाळा लागला. एका संध्याकाळी तेच आप्पा मापाड्याच्या ओट्यावर येऊन बसले. चहा झाला. मग म्हणाले, “पैसा देवाले उना तू, पन तुना देवनी एक बी गोट नही सांगी. काबरं?” (पैसे द्यायला आलास, पण तुझ्या देवाची एकही गोष्ट सांगितली नाहीस. का बरं?)

दोन वर्षांत शेकडो पत्रिका वाटून एकानेही विचारला नव्हता असा हा पहिला प्रश्न. तो म्हणाला, पैसे देताना सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं की मी गोष्ट विकतोय. आप्पांनी मान हलवली. ‘मग आता सांग,’ म्हणाले. त्याने जक्कयाची गोष्ट सांगितली, अहिराणीत, उंबराच्या झाडासकट. मी तिथे नव्हतो. त्याच्या बायकोने सांगितलं की आप्पांनी एकच शंका काढली: येशू त्याच्या घरी जेवायला आधी गेला की त्याने पैसे आधी परत केले? ‘आधी जेवायला गेला’ हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प बसले.

आप्पा ख्रिस्ती झालेले नाहीत. त्यांच्या घरी कानबाई बसते, तशीच बसते. दर गुरुवारी ते ओट्यावर येतात, एखादी गोष्ट ऐकतात आणि जातात. थोरला भाऊही परत बोलू लागला आहे, पण त्याचं कारण पैसे नव्हते: मागच्या श्रावणात मापाड्याने न बोलता मांडव घातला, खुर्च्या आणल्या आणि आईला दवाखान्यात नेऊन आणलं.

माझ्या वर्गात बदल झाला. ‘किती जणांना सांगितलं’ ही वही मी बंद केली. आता पहिल्या दोन महिन्यांत मी फक्त कामाबद्दल विचारतो. किराणा दुकान असेल तर उधारीची वही कशी लिहितोस, रिक्षा असेल तर नवख्या माणसाकडून किती घेतोस, शाळेत शिक्षक असशील तर तासाला वर्गावर जातोस का, वेचणीची टोळी असेल तर बायकांचं वजन कोण वाचतं. काही जण हे ऐकून यायचे बंद झाले. एक जण, जो फार छान प्रार्थना करायचा, दुसऱ्या मंडळीत गेला. मला वाईट वाटलं, तरी प्रश्न बदलले नाहीत. नव्या करारात ‘शिष्य’ म्हणून जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ शिकणारा असा आहे, आणि माणूस दिवसाचे दहा तास जिथे असतो तिथलं शिकणं वगळून आम्ही त्याला फक्त रविवारचं शिकवत होतो.

मागच्या हंगामात गावातल्या बारा-तेरा शेतकऱ्यांनी मिळून कापूस थेट जिनिंगला न्यायचं ठरवलं. तिथल्या भुईकाट्याशी ताडून पाहायला गावातच आधी आपलं वजन करायचं होतं. भाड्याने काटा आणला आणि मोजायला मापाड्याला बोलावलं. आप्पांनी सुचवलं असावं, मी विचारलेलं नाही.

मी एक सकाळ जाऊन पाहिलं. त्याने मुद्रा असलेलं 20 किलोचं लोखंडी वजन सोबत ठेवलं आहे. प्रत्येक शेतकऱ्याच्या पाळीला ते आधी काट्यावर ठेवतो, 20.00 उमटू देतो, वजन उतरवतो आणि मग गाठोडं चढवतो. आकडा तो आता वाचत नाही, बाजूला सरकतो आणि शेतकऱ्याला वाचायला सांगतो. दारात शिव्या देणारा तो माणूसही रांगेत होता. तो अजून त्याच्याशी बोलत नाही. त्याने वजनावरची मुद्रा बोटाने चाचपून पाहिली, गाठोडं ठेवलं, आकडा स्थिर होईपर्यंत वाकून थांबला, मोठ्याने वाचला आणि दुसरं गाठोडं आणायला वळला.